घड्याळाची शर्यत

आधी एक कोडे घालतो. दोन मजूर चर खणत आहेत. पहिला मिनिटाला पन्नास वेळा कुदळ मारतो, दुसरा पस्तीस वेळा. संध्याकाळी खणलेला चर मोजला तर दुसऱ्याचे काम जास्त भरते. असे होऊ शकेल काय?

अगदी सहज होऊ शकेल. पहिल्याची कुदळ लहान असेल, किंवा तो अधूनमधून भलत्याच जागी खणत असेल आणि ते खणणे बुजवून पुन्हा सुरुवात करीत असेल.

हे कोडे मनाने रचलेले नाही. २०१३ साली एएमडी या अमेरिकन कंपनीने सेकंदाला ५ अब्ज ठोक्यांपर्यंत जाणारा, म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा, संगणकाचा प्रोसेसर बाजारात आणला. त्याच वर्षी तिची प्रतिस्पर्धी इंटेल हिचा ३.५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर दुकानात होता. रोजच्या बहुतेक कामांत इंटेलचाच पुढे राहिला, आणि वीजही निम्म्याहून कमी खात होता. गंमत अशी, की दहाएक वर्षांपूर्वी हेच नाटक रंगले होते, पण तेव्हा पात्रे उलटी होती. जास्त ठोक्यांचा प्रोसेसर इंटेलचा होता आणि मागे पडत होता तोही इंटेलचाच. हे कसे झाले ते आज पाहू.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा हिशेबनीस. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर कोट्यवधी ट्रान्झिस्टर कोरलेले असतात, आणि प्रत्येक ट्रान्झिस्टर हे विजेचे एक चिमुकले बटण असते. ही बटणे मनाला येईल तेव्हा उघडमीट करू लागली तर नुसता गोंधळ होईल. म्हणून कवायतीच्या मैदानावर शिक्षक ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणतात आणि सारी मुले एकदम हात हलवतात, तशी येथेही एका घड्याळाची सोय असते. प्रत्येक ठोक्याला सारी मंडळी एक पाऊल पुढे टाकतात. सेकंदाला एक अब्ज ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ. ३.८ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरमध्ये एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत प्रकाशसुद्धा जेमतेम आठ सेंटिमीटर जातो, यावरून काय घाईचा मामला आहे ते ध्यानात येईल.

आता या दोन कंपन्यांची ओळख करून घेऊ. १९६८ च्या जुलैत रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी कॅलिफोर्नियात इंटेल काढली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात जेरी सँडर्स आणि त्यांचे सात सोबती यांनी अ‍ॅडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस, म्हणजे एएमडी, सुरू केली. नॉइस, मूर आणि सँडर्स हे तिघेही फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर या कंपनीतून बाहेर पडलेले. एका घरातून निघालेल्या दोन चुलीच म्हणा ना!

पण या दोघी एकच वस्तू का बनवू लागल्या? याचे कारण आयबीएम. १९८१ साली आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. एवढी मोठी कंपनी एकाच पुरवठादारावर विसंबायला तयार नव्हती. उद्या त्याचा कारखाना बंद पडला तर काय करायचे? तेव्हा हाच प्रोसेसर दुसऱ्या कोणी तरी बनवून दिला पाहिजे, अशी तिची अट होती. म्हणून १९८२ मध्ये इंटेलने एएमडीशी करार केला आणि आपले आराखडे तिला दिले. आपल्या हातांनी आपला प्रतिस्पर्धी उभा करण्याची ही पाळी इंटेलवर गिऱ्हाइकाने आणली.

हे सख्य फार दिवस टिकले नाही. १९८५ मध्ये ३८६ हा नवा प्रोसेसर तयार झाला तेव्हा त्याचा आराखडा इंटेलने एएमडीला दिला नाही. प्रकरण लवादाकडे गेले, तेथून न्यायालयात गेले आणि १९९५ पर्यंत रेंगाळले. दरम्यान एएमडीने १९९१ साली स्वतःचा ३८६ तयार केला. इंटेलचा ३८६ सेकंदाला ३ कोटी ३० लाख ठोक्यांपर्यंत जाई, एएमडीचा ४ कोटींपर्यंत! नुसत्या आकड्यावर मालकी सांगता येत नाही असा निकाल न्यायालयाने दिल्यामुळे ‘३८६’ हे नाव दोघांनाही मोकळे झाले. म्हणून १९९३ च्या पाचव्या पिढीच्या प्रोसेसरला इंटेलने ५८६ न म्हणता ‘पेंटियम’ म्हटले. ग्रीक ‘पेंटे’ म्हणजे पाच. आपल्या ‘पंच’चाच हा चुलतभाऊ. पेंटियमच्या कामाचे एक प्रमुख विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. १९९५ साली ते नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीत गेले, ती कंपनी एएमडीने विकत घेतली, आणि तिच्या आराखड्यावरून १९९७ मध्ये पेंटियमला टक्कर देणारा के-६ तयार झाला.

येथून खरी शर्यत लागली. १९७१ सालचा इंटेलचा पहिला प्रोसेसर ४००४ सेकंदाला ७ लाख ४० हजार ठोक्यांवर चालत असे. ६ मार्च २००० रोजी एएमडीने एक अब्ज ठोक्यांचा अ‍ॅथलॉन जाहीर केला. इंटेलचा एक गिगाहर्ट्झचा पेंटियम-३ आला ८ मार्चला, म्हणजे दोन दिवस उशिरा. एकोणतीस वर्षांत सुमारे साडेतेराशे पट वाढ, आणि अंतर दोन दिवसांचे! वर्तमानपत्रांना आणि जाहिरातवाल्यांना हा आकडा फार आवडला. गिऱ्हाईकही दुकानात जाऊन तोच विचारू लागले.

तेव्हा इंटेलने ठरवले, की आता ठोक्यांतच बाजी मारायची. त्यासाठी काय केले ते समजण्यासाठी पेणच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊ.

मोठ्या कारखान्यात एकच कारागीर एक मूर्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत करीत बसत नाही. कोणी साच्यात माल भरतो, कोणी सोंड आणि हात जोडतो, कोणी घासून गुळगुळीत करतो, कोणी रंग देतो. डोळ्यांची आखणी करणारा तर वेगळाच असतो. समजा, ओळीत दहा माणसे आहेत आणि प्रत्येकाचे काम दहा मिनिटांचे आहे. ओळ भरली, की दर दहा मिनिटांनी एक मूर्ती तयार होऊन बाहेर येईल. आता त्याच कामाचे वीस बारीक भाग पाडून वीस माणसे बसवली तर प्रत्येकाला पाचच मिनिटे लागतील आणि मूर्ती दर पाच मिनिटांनी बाहेर पडेल. म्हणजे ठोके दुप्पट झाले. प्रोसेसरमध्येही आज्ञा अशीच टप्प्याटप्प्याने पुढे सरकते. पेंटियम-३ मध्ये असे दहा टप्पे होते. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम-४ मध्ये वीस, आणि २००४ मधल्या त्याच्या सुधारलेल्या रूपात एकतीस! याच मार्गाने दहा गिगाहर्ट्झपर्यंत जाऊ, अशी इंटेलची उमेद होती.

यात एक मेख आहे. संगणकाच्या आज्ञावलीत पावलोपावली ‘असे असेल तर हे कर, नसेल तर ते कर’ अशी वळणे येतात. उत्तर हाती येईपर्यंत थांबावे तर ओळ रिकामी राहते. म्हणून प्रोसेसर मागचा अनुभव पाहून अंदाज बांधतो आणि काम पुढे रेटतो. आपल्या कारखानदाराचेही असेच आहे असे समजा. व्यापाऱ्याला मूर्ती डाव्या सोंडेच्या हव्यात की उजव्या, हा निरोप ओळीच्या शेवटी बसलेल्या माणसालाच कळणार. दरवर्षीची रीत पाहून कारखानदार डाव्या सोंडेच्या मूर्ती ओळीत लावतो. बहुतेक वेळा जमते. पण निरोप ‘उजव्या’ असा आला, की ओळीवरच्या साऱ्या अर्धवट मूर्ती बाजूला ठेवाव्या लागतात. दहा माणसांची ओळ असेल तर दहा मूर्ती वाया, एकतीस माणसांची असेल तर एकतीस. भलत्या जागी खणणारा आपला मजूर तो हाच.

परिणाम व्हायचा तोच झाला. पहिला दीड गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ काही कामांत एक गिगाहर्ट्झच्या पेंटियम-३ च्याही मागे पडला. एएमडीचा अ‍ॅथलॉन कमी ठोक्यांत जास्त काम करी, पण हे गिऱ्हाइकाला पटवायचे कसे? ऑक्टोबर २००१ मध्ये तिने एक युक्ती काढली. १.५३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तिने ‘१८००+’ असे नाव दिले. ते वाचून माणसाच्या मनात आपोआप १.८ गिगाहर्ट्झ येई. युक्ती चलाख होती, आणि या वेळी तरी वस्तुस्थिती तिच्या बाजूने होती.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे पदार्थविज्ञानाकडे वळतो. ट्रान्झिस्टर हे एक बारीकसे धारित्रही असते. तो चालू-बंद होताना दर खेपेला थोडा विद्युतभार भरावा आणि ओतून टाकावा लागतो. त्यात खर्च होणाऱ्या शक्तीचे सूत्र सोपे आहे:

शक्ती = धारकता × (विद्युतदाब)² × वारंवारता

ठोके दुप्पट केले तर शक्ती दुप्पट लागणार. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. बटण लवकर दाबले जावे म्हणून विद्युतदाबही वाढवावा लागतो, आणि तो तर वर्गात आहे! मग १९७१ पासून हे निभले कसे? ट्रान्झिस्टर लहान करीत गेले, की विद्युतदाबही त्याच प्रमाणात उतरवता येतो. तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. हा नियम आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये मांडला होता. ५ व्होल्टपासून उतरत उतरत २००४ च्या सुमारास गाडी सव्वा-दीड व्होल्टपर्यंत आली, आणि तेथे अडली. ट्रान्झिस्टरमधला विसंवाहक थर आता १.२ नॅनोमीटर, म्हणजे मोजून चार-पाच अणूंएवढा उरला होता. इतक्या पातळ भिंतीतून इलेक्ट्रॉन आरपार निसटतात. पुंजयांत्रिकीचे हे देणे आहे, त्याला इलाज नाही. बटण बंद असतानाही वीज गळू लागली.

पेंटियम-४ ची ३.८ गिगाहर्ट्झची जात घ्या. सुमारे ११५ वॉट उष्णता आणि तुकड्याचे क्षेत्रफळ ११२ चौरस मिलिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला शंभराहून अधिक वॉट. घरातली हजार वॉटची इस्त्री घेतली आणि तिचा तळ दोनशे चौरस सेंटिमीटर धरला तर तेथे दर चौरस सेंटिमीटरला पाचच वॉट पडतात. इस्त्रीच्या वीसपट! वर पंखा नसता तर काय झाले असते याची कल्पना करा.

मे २००४ मध्ये इंटेलने पेंटियम-४ चा पुढचा अवतार रद्द केला. ऑक्टोबरात चार गिगाहर्ट्झचा बेतही सोडला. त्याबद्दल कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत थट्टेने गुडघे टेकून श्रोत्यांची माफी मागितली.

याच काळात एएमडीने आणखी एक डाव जिंकला. जुने प्रोसेसर एका वेळी ३२ बिटांचा पत्ता वापरत. २ चा ३२ वा घात म्हणजे सुमारे ४ अब्ज २९ कोटी. त्यापलीकडची स्मृती अशा पत्त्यात मावत नाही. इंटेलने यासाठी अगदी नवा आज्ञासंच काढला, त्यावर जुन्या आज्ञावल्या धड चालत ना. एएमडीने जुन्याच आज्ञासंचाला ६४ बिटांची जोड दिली आणि २००३ मध्ये ती बाजारात आणली. पुढच्या वर्षी इंटेलनेही तीच उचलली. आज इंटेलचे डेस्कटॉप प्रोसेसर एएमडीने आखलेल्या या विस्तारावर चालतात. एके काळी नक्कल कोण कोणाची करीत होते, हे आठवा!

कामगिरी चांगली म्हणून विक्री चांगली होतेच असे मात्र नाही. आपले प्रोसेसर घेऊ नयेत म्हणून इंटेल संगणक-उत्पादकांना सवलती देते, असा आरोप करून एएमडी २००५ मध्ये न्यायालयात गेली. २००९ मध्ये इंटेलने सव्वा अब्ज डॉलर देऊन तडजोड केली.

ठोक्यांची वाट बंद झाल्यावर दुसरी वाट कोणती? वरचे सूत्र पुन्हा पाहा. ठोके आणि विद्युतदाब दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले, तर शक्ती ०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१२, म्हणजे जवळजवळ निम्मी झाली. वाचलेल्या निम्म्या शक्तीत दुसरा तसाच हिशेबनीस शेजारी बसवता येईल! तेवढ्याच विजेत काम १.६ पट. या हिशेबनिसांना कोअर म्हणतात. जुलै २००६ मध्ये इंटेलने दोन कोअरचा ‘कोअर-२ ड्युओ’ आणला. त्यात टप्पे चौदाच होते आणि ठोके तीन गिगाहर्ट्झच्याही आत, तरी त्याने ३.८ वाल्या पेंटियम-४ ला सहज मागे टाकले. एएमडीची आघाडीही त्या दिवशी संपली.

कोअर वाढवण्यालाही मर्यादा आहे. चार जणींनी पोळ्या लाटल्या तर काम चौपट लवकर उरकते; पण भात शिजायला वीस मिनिटे लागत असतील तर चार माणसे शेगडीभोवती बसली म्हणून तो पाच मिनिटांत शिजत नाही. कामाचे तुकडे पडत नसतील तर जादा कोअर नुसते बसून राहतात.

२०११ साली एएमडीने नेमके येथेच चुकीचे पाऊल टाकले. तिच्या ‘बुलडोझर’ आराखड्यात कोअर पुष्कळ होते, पण एकेकटा कोअर दुबळा होता, आणि अपूर्णांकी गणिताचे यंत्र तर दोघांत एक! मग ती उणीव भरून काढायला ठोके वाढवणे आले. सुरुवातीला सांगितलेला ५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तो हाच. त्याच्यासाठी २२० वॉट उष्णतेची सोय करावी लागे, इंटेलच्या समोरच्या प्रोसेसरला ८४ पुरत. दुसऱ्याला ठेच लागली ती पाहूनही शहाणपण आले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१५ च्या उन्हाळ्यात एएमडीचा एक समभाग दोन डॉलरहूनही कमी भावात मिळत होता.

प्रतिस्पर्धी आडवा झाल्यावर काय होते ते पाहण्यासारखे आहे. इंटेलने सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या डेस्कटॉपसाठी चार कोअरचा प्रोसेसर जानेवारी २००७ मध्ये आणला होता. जानेवारी २०१७ मध्ये त्याच वर्गातला तिचा सर्वांत चांगला प्रोसेसर कितीचा होता? चारचाच. दहा वर्षांत एकही कोअर वाढला नाही! अधिक हवे असतील तर श्रीमंतांसाठी वेगळा वर्ग होता. तेथे आठ कोअरला हजाराहून जास्त डॉलर मोजावे लागत. भाताचे उदाहरण पुढे करून, ‘जास्त कोअर घेऊन करणार काय?’ असे विचारता येत होते, आणि त्यात थोडे तथ्यही होते.

मग २ मार्च २०१७ उजाडला. अभियंत्या लिसा सू २०१४ पासून एएमडीच्या प्रमुख होत्या. त्यांच्या काळात पाटी पुसून नव्याने काढलेल्या ‘झेन’ आराखड्याचा ‘रायझन’ प्रोसेसर त्या दिवशी विक्रीस आला. कोअर आठ, किंमत ४९९ डॉलर. सात महिन्यांनी इंटेलने त्याच सर्वसामान्य वर्गात सहा कोअर दिले आणि २०१८ मध्ये आठ. नवा प्रोसेसर सात महिन्यांत जन्माला येत नसतो. तो आधीपासून घडत असला पाहिजे. म्हणजे चार कोअरची मर्यादा काही निसर्गाने घातलेली नव्हती.

ठोक्यांची गोष्ट वेगळी. पाठीमागे चुरशीचा प्रतिस्पर्धी असूनही २००४ च्या ३.८ गिगाहर्ट्झवरून इंटेल ६ गिगाहर्ट्झवर पोचली ती २०२३ मध्ये. एकोणीस वर्षांत दुप्पटसुद्धा नाही! त्या पिढीचे काही प्रोसेसर पुढे अडखळू लागले, तेव्हा गरजेपेक्षा जास्त विद्युतदाब हे त्यामागचे कारण असल्याचे २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. बाजारातली भिंत प्रतिस्पर्धी येताच हलली, सूत्रातली भिंत मात्र जागची हलली नाही.

रायझनच्या यशामागची आणखी एक क्लृप्ती सांगितल्यावाचून राहवत नाही. नारळाच्या वड्या थापताना करवंटीचे पाच कण ताटात पडले आहेत असे समजा. ताटात नऊ मोठ्या वड्या पाडल्या तर पाच वाया जाऊन चारच चांगल्या उरतील. छत्तीस लहान पाडल्या तर पाच गेल्या तरी एकतीस हाती येतात. सिलिकॉनच्या चकतीवरही असेच दोष विखुरलेले असतात. एएमडीने एक मोठा प्रोसेसर कोरण्याऐवजी लहान तुकडे कोरले, त्यांतले निर्दोष निवडले आणि एकाच पाटावर शेजारी जोडले. २०१९ मध्ये याच रीतीने सोळा कोअरचा डेस्कटॉप प्रोसेसर तयार झाला. ते कोअर कोरले जात होते तैवानच्या टीएसएमसी या कंपनीत, कारण एएमडीने आपले कारखाने २००९ मध्येच वेगळे काढून दिले होते. स्वतःच्या कारखान्यांचा अभिमान बाळगणाऱ्या इंटेलचा नवा आराखडा त्या वेळी आपल्याच कारखान्यात रखडला होता. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरचेही कोअर टीएसएमसीतच कोरलेले होते! आणि त्याच महिन्यात या दोघी जुन्या वैरिणींनी आपला सामायिक आज्ञासंच सांभाळण्यासाठी एक सल्लागार मंडळही काढले. कारण आता आर्म या तिसऱ्याच आज्ञासंचाचे प्रोसेसर दारात उभे आहेत. अ‍ॅपलने आपल्या संगणकांसाठी २०२० पासून तेच घेतले.

आता एक प्रयोग. शाळेतल्या किंवा घरच्या विंडोज संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा आणि ‘परफॉर्मन्स’ या सदरात जा. तेथे कोअरची संख्या आणि घड्याळाची त्या क्षणाची वारंवारता दिसेल. पाच मिनिटे काही न करता तो आकडा पाहा, मग एखादा चित्रपट आणि चार-पाच मोठ्या आज्ञावल्या एकदम सुरू करून पुन्हा पाहा. काम नसताना बहुतेक प्रोसेसर ठोके आणि विद्युतदाब दोन्ही उतरवतात. समजा, ठोके निम्मे झाले आणि विद्युतदाब तीन-चतुर्थांश झाला, तर शक्ती पहिल्याच्या किती पट उरेल? सूत्र वर दिलेलेच आहे.